काळ्या चौकटीतली साखळी फेरी

वर्तमानपत्रात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एकदा तरी स्वतःचं नाव छापलेलं बघावंसं वाटलं, तर त्यात त्याचा काय गुन्हा? सातपान्यांचं मागणं एवढंच होतं. तेही त्यांनी बावीस वर्षं कोणाकडे मागितलं नव्हतं.

सातपाने हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते सातवं पान बघायचे म्हणून कचेरीत सगळे त्यांना सातपाने म्हणू लागले, आणि ते इतकं चिकटलं की खरं आडनाव बघायला हजेरीपट उघडावा लागे. सातवं पान म्हणजे निधनवार्तांचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात लिहायचंय काय? गेले, एवढंच ना? इथेच तर लोकांचं चुकतं. अमुक अमुक गेले, हे कोणीही लिहील. पण ज्याने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याला घोटभर पाणी विचारलं नाही, त्याला 'परखड स्वभावाचे' म्हणायला अनुभव लागतो. कजाग बाई 'शिस्तप्रिय', पिऊन पडणारा 'मित्रपरिवारात रमणारा', आणि ज्याच्याबद्दल काही म्हणजे काही सुचत नाही, तो 'मनमिळाऊ'. सातपान्यांच्या हातून या शहरातली इतकी मनमिळाऊ माणसं गेली होती, की उरलेल्यांत रोज भांडणं होतात यात नवल नव्हतं.

त्यांच्या कामाची एक शिस्त होती. प्रत्येक मयताचा एक छापील अर्ज. पूर्ण नाव, वय, कारण, अल्प परिचय, पश्चात कोण कोण, आणि खाली जवळच्या नातेवाइकाची सही. सहीशिवाय सातपाने कोणाला मरू देत नसत. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांनी नुसत्या फोनवर विसंबून एका पेन्शनरला मारलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पेन्शनर काठी घेऊन कचेरीत आला, आणि त्या आठवड्यात खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर सातपाने आले, ते अर्जांचा गठ्ठा छापून घेऊनच.

हे सगळं ठीक होतं. ठीक नव्हते ते सासरे.

सासरे निवृत्त हेडमास्तर. वय एक्क्याऐंशी, दृष्टी अधू, बाकी सगळं शाबूत. दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहायचे. लग्न ठरताना कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, 'मुलगा पेपरात लिहितो.' हेडमास्तरांनी ते साऱ्या शाळेत सांगितलं, दुसऱ्या दिवशी पेपर विकत घेतला आणि मास्तरांच्या खोलीत बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जावयाचं नाव शोधलं. मुद्रकाचं सापडलं, जावयाचं नाही. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन.

"जावईबापू, पेपर वाचला."

"हो बाबा."

"आजही तुमचं नाव कुठे दिसलं नाही."

"नाही बाबा."

"असू दे. चालू द्या."

खट्. फोन बंद. बावीस वर्षांत हा फोन चुकला नाही. सातपान्यांना ताप असो, बाहेर पाऊस असो, फोन आहेच. बायको म्हणायची, "अहो, सवय आहे बाबांची, मनाला लावून घेऊ नका." लावून घेऊ नका म्हणायला तिचं काय जातं! रोज सकाळी चहाआधी कोणी तुम्हाला तुमची किंमत सांगितली, तर चहा गोड लागेल का?

आणि अशात क्रीडा संपादकाला कांजिण्या आल्या.

सेहेचाळीसाव्या वर्षी. मुलीच्या शाळेतून घरी आल्या त्या. दहा दिवसांवर आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, सोळा संघ, चार गट, प्रत्येक गटातले दोन पुढे जाणार, दोन घरी. साखळी फेरी सुरू होण्याआधी पूर्वलेख हवा. कोण कुठल्या गटात, कोणाचं काय होईल, कोण राहील, कोण जाईल. संपादकांनी कचेरीभर नजर फिरवली. एकजण रजेवर, एकजण लग्नात, एकाचं व्याकरण असं की त्याच्यापेक्षा कांजिण्या बऱ्या. नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या टेबलावर थांबली.

"सातपाने, तुम्ही लिहा."

"मी? साहेब, मला चेंडूची दिशा कळत नाही."

"कोण जाईल एवढंच तर लिहायचंय. तुमच्याइतका त्यातला माहितगार शहरात दुसरा कोण आहे?"

सातपाने उठले. बसले. पुन्हा उठले. घसा खाकरला आणि बावीस वर्षं पोटात ठेवलेला शब्द बाहेर काढला. "साहेब, खाली... नाव येईल?"

"कोणाचं?"

"माझं."

संपादकांनी जरा चमकून बघितलं. मग, माणूस वाईट नव्हता तो, म्हणाले, "येईल की. फोटोसुद्धा टाकू."

त्या दिवशी सातपाने जिना चढून घरी आले ते दोन-दोन पायऱ्या. दारातच त्यांनी बायकोला बजावलं, "बाबांना सांगायचं नाही हं. एक अक्षर नाही. त्यांनी आपणहून पान उघडायचं, भिंग घ्यायचं आणि नाव वाचायचं. आणि सात वाजून दहा मिनिटांनी मी फोन उचलणार. मग बघू काय म्हणतात."

बायकोने बाबांना सांगितलं नाही. बाबा सोडून तिने कोणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही, हा भाग वेगळा.

परिणाम असा, की संध्याकाळी तळमजल्यावरचा शिंपी आणि समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर हजर. फुटबॉल म्हटल्यावर ज्याला पाय आहेत त्याला मत असतं. शिंपी म्हणाला, "भाऊ, मी कपड्यावरून सांगतो. ज्यांच्या शर्टाला शिवण खांद्यावर आहे, ते दुसऱ्या अर्ध्यात दमतात. काखेत ओढतं ना." डॉक्टरांचं म्हणणं, आधी ऑफसाइड समजून घ्या, बाकी सगळं फुकट. त्यांनी घरून प्लास्टरचा जबडा आणला. "हा सुळा म्हणजे शेवटचा बचाववाला. ही दाढ म्हणजे तुमचा पुढचा खेळाडू. चेंडू मारला त्या क्षणी दाढ सुळ्याच्या पुढे असली, की गेलं!"

"दाढ सुळ्याच्या पुढे कशी जाईल?" शिंप्याने विचारलं. "ती मागेच असते."

"समजा गेली."

"मग दात काढावा लागेल."

यावर दोघांचं जुंपलं. शिंप्याने खिशातून दोऱ्याची रिळं काढून वेगळं ऑफसाइड मांडलं. तासाभराने दोघे एकमेकांशी न बोलता गेले, आणि सातपान्यांकडे उरलं एक पांढरं रीळ आणि जबड्यातली एक दाढ. ऑफसाइड म्हणजे काय, ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपलं ते आपलं. आपल्याला जी रीत येते तिनेच जायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून सोळा कोरे अर्ज काढले आणि सोळा संघांचे भरायला घेतले.

आणि काय सांगू, काम भराभर सुटत गेलं! वय? खेळाडूंचं सरासरी सव्वीस. 'एवढ्या लहान वयात,' सातपाने मनातल्या मनात हळहळले. कारण? ज्यांची बचावफळी गेल्या चार स्पर्धांपासून गळत होती, त्यांच्यापुढे 'दीर्घ आजार'. ज्यांचा हुकमी खेळाडू ऐन वेळी घोट्यात दुखावला, त्यांच्यापुढे 'अपघाती'. आणि ज्यांच्या गटात चिठ्ठी टाकताना गतविजेतेच येऊन बसले, त्यांच्यापुढे नुसतं 'दैव'. संध्याकाळपर्यंत आठ संघ पुढे गेले आणि आठ संघ सातपान्यांच्या खात्यात जमा झाले. पुढे जाणाऱ्या आठांबद्दल त्यांनी एकेक ओळ लिहिली. जिवंत माणसांविषयी त्यांना फारसं लिहिता येत नसे.

अडलं ते शेवटच्या रकान्यापाशी. जवळच्या नातेवाइकाची सही!

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, हा काय मयत आहे? पण शिस्त ती शिस्त. सात संघांच्या वकिलातींना त्यांनी फोन केले. 'तुमचा संघ पहिल्याच फेरीत जाणार आहे, सहीला कोण येईल?' असं विचारल्यावर पाच ठिकाणी फोन आपटला गेला, एके ठिकाणी 'लेखी अर्ज करा, सहा आठवड्यांत उत्तर मिळेल' असं सांगितलं, आणि सातव्या ठिकाणच्या बाईंनी थंडपणे 'आम्हालाही तसंच वाटतं' म्हणून फोन ठेवला. हे उत्तर सातपान्यांनी तोंडी संमती म्हणून नोंदवलं, आणि उरलेल्या सहांपुढे 'विचारणा केली' असा शेरा मारला.

आठवा संघ एका बेटाचा. एवढंसं बेट, पहिल्यांदाच स्पर्धेत आलेलं. त्याची वकिलात नव्हती, पण मानद वाणिज्यदूत मात्र याच शहरात होते. ते पाण्याचे पंप विकत. सातपाने दुकानात गेले तेव्हा दोन पंपांच्या मधोमध बेटाचा झेंडा होता आणि झेंड्याखाली दूतसाहेब एका गिऱ्हाइकाला वॉशर दाखवत होते.

"बेटाविषयी आलात?" त्यांच्या हातातला वॉशर खाली पडला. "एकोणीस वर्षांत कोणी आलं नाही हो!" गिऱ्हाइकाला तसंच सोडून त्यांनी आतून शिक्का आणला. शाईची गादी वाळून खडखडीत झाली होती. तिच्यावर त्यांनी पाणी शिंपडलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "तीन प्रती लागतील. नियम आहे."

दूतसाहेब स्वतः बेटावर कधी गेले नव्हते. त्यांच्या काकांनी कधीकाळी बेटाला पंप पुरवले, त्यातून हे दूतपद घरात आलं. पण बेटाची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. गोलरक्षक शाळेची बस चालवतो. त्याला स्पर्धेला येता यावं म्हणून शाळेने सुट्टीच पुढे आणली. कर्णधाराची पावाची भट्टी आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचे बचाववाले सख्खे भाऊ आहेत आणि घराच्या कुंपणावरून पाच वर्षं बोलत नाहीत, पण चेंडू मात्र एकमेकांनाच देतात. सातपाने 'अल्प परिचया'चा रकाना भरून मागच्या कोऱ्या बाजूवर आले.

"आणि हे 'कारण' म्हणजे काय?" दूतसाहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला.

"तुमचा गट. गतविजेते आहेत त्यात. बर्फाळ देशवाले आहेत, दोनदा उपविजेते."

"म्हणजे आम्ही जाणार असं तुम्ही धरूनच चाललात?"

सातपान्यांनी पेनाचं टोपण काढलं. असे प्रसंग त्यांना नवे नव्हते. समोरचा माणूस सही करायच्या आधी थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघतो, तेवढा वेळ त्याला द्यावा लागतो. दूतसाहेबांनी झेंड्याकडे बघितलं. मग तीन प्रतींवर तीन सह्या केल्या, फिकट निळे तीन शिक्के मारले आणि म्हणाले, "चांगलं लिहाल ना?"

"तेच तर माझं काम आहे," सातपाने म्हणाले.

आणि खरंच चांगलं लिहिलं हो त्यांनी. 'आठ संघांना भावपूर्ण निरोप' असा मथळा दिला. बेटाविषयीचा मजकूर तर असा: 'तीन सामन्यांच्या अल्पशा मुक्कामानंतर बेटाचा संघ आपल्यातून निघून जाईल. अत्यंत कष्टाळू आणि मनमिळाऊ असा हा संघ होता. आपल्या खेळाचा त्यांनी कधी गर्व केला नाही. शाळेची बस चालवणाऱ्या गोलरक्षकाने आजवर एकाही मुलाला उशीर होऊ दिला नाही. चेंडूच्या बाबतीतही तो शेवटपर्यंत धडपडत राहील. संघाच्या पश्चात एक भट्टी, एक अर्धवट कुंपण आणि बसची वाट बघणारी एकोणचाळीस मुलं असा परिवार आहे.'

बायकोने वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. "बिचारे! फारच वाईट झालं हो."

"अगं, अजून एकही सामना झालेला नाही."

"तरी पण."

राहिला फोटो. फोटोसाठी सातपान्यांनी लग्नातला कोट काढला. फोटोवाला म्हणाला, "हसा." सातपाने हसले. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "राहू द्या. गंभीरच बसा." तेव्हा ते जे गंभीर बसले, तो फोटो बघून अनोळखी माणसानेही दोन मिनिटं उभं राहावं.

ठरल्या दिवशी संध्याकाळी लेख, आठ कर्णधारांचे फोटो आणि नववा स्वतःचा, असं सगळं त्यांनी कचेरीच्या संगणकावर टाकलं. कुठे टाकलं? बावीस वर्षं जिथे टाकत आले तिथे. बोटांना काय माहीत, आज फुटबॉल आहे म्हणून! योगायोग असा की त्या दिवशी शहरात कोणी गेलंच नव्हतं. सातवं पान कोरं. एरवी सातपाने पान तपासूनच उठत. पण आज तपासायला काही नाही, शिवाय उद्या सातच्या आत दाढी-आंघोळ करून फोनपाशी बसायचं. ते सहालाच घरी गेले.

इकडे पानं लावणाऱ्या माणसाने, ज्याला सगळे चौकटराव म्हणत, काम सुरू केलं. चौकटरावांचं एक तत्त्व होतं, मजकूर वाचायचा नाही. 'वाचत बसलो तर लावू कधी?' सहावं पान खेळाचं. तिथे पूर्वलेखाची जागा सोडायची होती खरी, पण दूतसाहेबांनी आनंदाच्या भरात बेटाला शुभेच्छा देणारी पंपांची जाहिरात पाठवली होती. ती बरोब्बर त्या जागेत बसली. सहावं पान भरलं. सातवं उघडलं, तर तिथे सातपान्यांचा मजकूर. वर 'भावपूर्ण निरोप'. खाली नऊ फोटो. आठ धडधाकट तरुण खेळाच्या कपड्यांत आणि एक वयस्कर गृहस्थ कोटात. काळ्या फ्रेमसाठीच काढून ठेवल्यासारखा चेहरा. सातपान्यांना त्यांनी कोटात कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"अरेरे," चौकटराव पुटपुटले, "बस उलटलेली दिसते. मॅनेजरसुद्धा गेले." आणि मन भरून येऊन त्यांनी रोजच्यापेक्षा दुप्पट जाड काळी चौकट घातली. लेखाखालचं सातपान्यांचं पूर्ण नाव त्यांनी उचलून त्या गृहस्थांच्या फोटोखाली ठेवलं, ठळक करून. त्या नावाचा कोणी या कचेरीत काम करतो हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. ते ओळखत होते ते सातपान्यांना.

सकाळी सात. सातपाने इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलेले. त्यांच्या गल्लीत पेपर सगळ्यात उशिरा येई. पेपरात काम करणाऱ्याच्या नशिबी हेच असतं. सात वाजून दहा. फोन वाजला नाही. सव्वासात. नाही. सातपाने बायकोला म्हणाले, "भिंग सापडत नसेल." वीस मिनिटं झाली. बावीस वर्षांत न चुकलेला फोन आज, नेमका आज, चुकला होता. "किंवा वाचलं आणि काय बोलावं सुचेना झालंय," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. दारात शिंपी, मान खाली घालून. त्याने मान वर केली, सातपान्यांना बघितलं, आणि मागच्या मागे जिन्याचा कठडा धरला.

"भाऊ," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही... कधीपासून?"

मागून दातांचे डॉक्टर आले, त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन बायका. डॉक्टरांच्या हातात पेपर होता, त्यातून उलगडा झाला. सातपान्यांनी पान बघितलं. नाव होतं. पूर्ण, ठळक, शुद्धलेखनाची एक चूक नाही. भोवती बोटभर जाड काळी चौकट होती.

"पण डॉक्टर, काल संध्याकाळी मी तुम्हाला जिन्यात भेटलो!"

"म्हणूनच तर धक्का बसला. म्हटलं, माणसाचं काही खरं नाही." डॉक्टरांनी आवाज उतरवला. "आणि वहिनींचं कौतुक वाटलं. काल मजल्यामजल्यावर जाऊन हसत हसत सांगत होत्या, 'उद्या यांचा फोटो येणार, नक्की बघा.' आम्ही आत्ता म्हणत होतो, बाईने केवढं मन घट्ट केलं होतं!"

"आणि किती आधीपासून," वरच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकापेक्षा जरा वेगळं काही होतं.

लोक येतच राहिले. आलेल्यांना घरात घ्यायला हवं, पाणी द्यायला हवं, आणि बायको तर डोक्याला हात लावून खुर्चीत बसली होती. तेव्हा सातपान्यांनी स्वतःच चहा टाकला. स्वतःच्या सांत्वनाला आलेल्या माणसांना स्वतः चहा देणं, हा प्रसंग फार थोड्या लोकांवर येतो. शिंपी कपात बघत म्हणाला, "तुमच्यासारखा मनमिळाऊ माणूस..." आणि पुढे काही सुचेना म्हणून थांबला. सातपाने चहाची किटली हातात घेऊन थांबले. बावीस वर्षं आपण लोकांना देत आलो तो शब्द आज आपल्या वाट्याला आला, आणि किती पोकळ लागतो तो!

आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हळू, पण न थांबता. तीन मजले.

सासरे दारात आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सुनेची. काठी नाही. हातात चुरगळलेला पेपर. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मुलाला हाक मारायचीही शुद्ध त्यांना राहिली नव्हती, दोन गल्ल्या एकटे चालत आले होते. कोणाकडे न बघता ते सरळ लेकीपाशी गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी आहे," ते म्हणाले. "पोरी, मी आहे ना अजून."

"बाबा, अहो..." ती म्हणायला लागली, पण तिला रडूच कोसळलं. तिचं रडू बघून त्यांचाही बांध फुटला.

स्वयंपाकघराच्या दारातून ट्रे घेऊन येणारे सातपाने जागच्या जागी थिजले. म्हणाले, "बाबा, चहा घेणार?"

हेडमास्तर वळले. अधू डोळे बारीक करून चेहरा बघितला, मग पेपरातला फोटो, मग पुन्हा चेहरा. मग दोन पावलं पुढे आले, हात वर नेला, आणि बावीस वर्षं 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणणाऱ्या त्या माणसाने सगळ्या बिऱ्हाडांसमोर सातपान्यांचा कान धरून पिळला.

"अरे गाढवा!" ते ओरडले. "गाढवा! गाढवा!"

कान लाल झाला, ट्रेमधला चहा सांडला, पण सातपाने हलले नाहीत. कान सुटल्यावर म्हणाले, "बाबा, नाव छापून येणार होतं. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून सांगितलं नाही."

"दिलास! बरा दिलास!"

त्यांना खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. शिंप्याने पंख्याचं बटण दाबलं. जरा श्वास बसल्यावर त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, आणि त्याच्या आतून एक घडी. पिवळी पडलेली, कडा झिजलेली. सातपान्यांनी ती लांबूनच ओळखली. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हाची निधनवार्ता.

"ही कोणी लिहिली?" हेडमास्तरांनी परीक्षेतल्यासारखं विचारलं.

"मी."

"खाली नाव आहे?"

"नाही."

"मग मला कसं कळलं?" त्यांनी घडी उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. "'रागावून झाल्यावर त्या स्वतःच चहा टाकायला उठत.' अख्ख्या पेपरात असं वाक्य दुसऱ्या कोणाला सुचेल? तेव्हापासून रोज भिंग घेऊन पहिलं सातवं पान वाचतो मी. परक्या माणसांचं वाचतो. आणि तुझं वाक्य सापडलं, की मग फोन करतो."

"पण बाबा, फोनवर तर तुम्ही..."

"मग काय म्हणायचं होतं फोनवर?" हेडमास्तर चिडले. "हुशार पोराला तोंडावर हुशार म्हणत नसतात."

डॉक्टर आपली राहिलेली दाढ परत मागणार होते, तेही विसरले. थोड्या वेळाने हेडमास्तरांनी पेपर सरळ केला, भिंग लावलं आणि 'आठ संघांना भावपूर्ण निरोप' मोठ्याने वाचायला घेतलं. सगळे जमिनीवर बसून ऐकत होते. बसची वाट बघणाऱ्या एकोणचाळीस मुलांपाशी आल्यावर ते थांबले आणि भिंग पुसू लागले.

"हे बेटवाले कधी गेले?" शिंप्याने डोळे पुसत विचारलं.

"अजून खेळायचेत," सातपाने म्हणाले.

जाताना दारात हेडमास्तर थांबले. सातपान्यांनी त्यांना दोन्ही पायांत एका जोडाच्या चपला घालून दिल्या. ते म्हणाले, "एक ऐक. तुझं नाव आता पुन्हा पेपरात आणू नकोस. मला नाही सोसायचं."

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुरुस्ती आली, 'सातव्या पानावरील नऊही जण ठणठणीत आहेत', आणि तीही अर्थातच सातपान्यांनाच लिहावी लागली. त्यांनी आधी नऊ अर्ज भरले. संपादक चार दिवस तोंड लपवून हिंडले. मग सामने सुरू झाले. मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, ते संघांनाही लागू असावं. काळ्या चौकटीतल्या आठांपैकी पाच पुढे गेले. बेटाने गतविजेत्यांना बरोबरीत रोखलं, त्या सामन्यात बसवाल्याने अकरा चेंडू अडवले, आणि दूतसाहेबांनी दुकानातल्या प्रत्येक पंपावर शिक्का मारला. पुढच्या फेरीआधी कचेरीत वाचकांची पत्रं आली, आमच्या संघालाही चौकटीत टाका म्हणून. संपादकांनी सातपान्यांना बोलावलं. पुन्हा लिहा म्हणाले, नाव दुप्पट मोठं टाकू.

"लिहितो," सातपाने म्हणाले. "पण नाव नको."

लेख छापून आला, बिननावाचा. सकाळी सातपाने लुंगीवर, दाढी न करता, फोनपाशी बसले होते. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"पेपर वाचला," सासरे म्हणाले.

"हो बाबा."

"सगळी पानं बघितली. दोनदा बघितली. तुझं नाव कुठेही नाही."

"नाही बाबा."

पलीकडून एक मोठा श्वास सुटलेला ऐकू आला.

"छान," हेडमास्तर म्हणाले. "चालू दे."